थरमॅक्स : चिंचवडचा बॉयलर कारखाना आणि अनु आगा यांची आठ वर्षे

थरमॅक्सचा नोंदणीकृत पत्ता आजही चिंचवडचाच आहे : डी-13, औद्योगिक वसाहत, आर. डी. आगा मार्ग. ज्यांच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो ते रोहिंटन आगा कंपनीचे दुसऱ्या पिढीतले प्रमुख. कंपनीचा पाया त्यांच्या सासऱ्यांनी घातला आणि विस्तार रोहिंटन यांनी केला. त्या दोघांबद्दल पुढे लिहिणारच आहे. पण थरमॅक्सचा इतिहास लिहायला बसलो की माझे मन रेंगाळते ते 1996 ते 2004 या आठ वर्षांत. या काळात अनु आगा अध्यक्ष होत्या. त्या संस्थापकांची मुलगी, रोहिंटन यांची पत्नी आणि आजच्या अध्यक्ष मेहेर पदमजी यांची आई. तिन्ही पिढ्यांना सांधणारी ही एकच व्यक्ती, आणि तिच्या लहानपणी ती कधी कारखान्याचा कारभार पाहील असे घरात कोणाच्याही मनात आले नव्हते.

सुरुवात संस्थापक अर्देशीर भथेना यांच्यापासून करायला हवी. मुंबईचे हे पारशी उद्योजक आधी रुग्णालयांना लागणारी निर्जंतुकीकरणाची उपकरणे बनवत. निर्जंतुकीकरणाला वाफ लागते आणि वाफेला बॉयलर. 1966 मध्ये बेल्जियमच्या वॅन्सन कंपनीशी करार करून त्यांनी ‘वॅन्सन (इंडिया)’ सुरू केली आणि कॉइल पद्धतीचे छोटे बॉयलर बनवायला घेतले. जुन्या पद्धतीच्या बॉयलरच्या पोटात पाण्याचा मोठा साठा असतो. तो तापायला वेळ लागतो आणि फुटला तर अनर्थ होतो. कॉइल बॉयलरमध्ये पाणी नळीच्या वेटोळ्यांतून फिरते, साठा थोडा असतो, वाफ लवकर तयार होते आणि जागाही कमी लागते. शिवाय त्या वेळच्या भारतीय बॉयलर कायद्याच्या व्याख्येत 22.75 लिटरपेक्षा अधिक क्षमतेचे बंद पात्र म्हणजे बॉयलर असे. त्याहून लहान यंत्रे कायद्याच्या तपासणीबाहेर राहत. छोट्या लॉण्ड्रीपासून औषध कारखान्यापर्यंत, परवान्याच्या आणि परीक्षा दिलेल्या बॉयलर अटेंडंटच्या खर्चाला कचरणाऱ्या किती तरी मालकांना असे यंत्र हवेच होते.

हा धंदा चिंचवडला रुजला याला कारण आहे. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शेतजमिनींवर भूखंड पडू लागले. बजाज आकुर्डीला आली, टेल्को पिंपरीला. 1970 मध्ये या गावांची मिळून नगरपालिका झाली आणि 1982 मध्ये महानगरपालिका. मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि चापेकर बंधूंच्या वाड्यामुळे ओळखले जाणारे चिंचवड एका पिढीत शिफ्टच्या भोंग्यावर चालणारे गाव झाले. बॉयलर बनवणाऱ्याला वेल्डर, फिटर, प्लेट वाकवणारे, दाबाची चाचणी घेणारे लागतात. ते इथे मिळत होते, नव्हते ते इथे तयार होत होते. गिऱ्हाईकही दारातच होते, कारण वाफेशिवाय चालणारा कारखाना शोधूनच काढावा लागतो.

रोहिंटन आगा केंब्रिजला शिकलेले. सासऱ्यांच्या कंपनीत आल्यावर त्यांनी तिला विचारांची बैठक दिली. 1980 मध्ये ‘वॅन्सन’ हे नाव जाऊन ‘थरमॅक्स’ आले. हा बदल पाटीपुरता नव्हता. 1973 नंतर तेलाचे भाव कडाडले होते आणि भट्टीत तेल जाळणाऱ्याला दुसरे इंधन हवे होते. भाताचे तूस, उसाचे चिपाड, कोळसा, कारखान्यातून फुकट जाणारी उष्णता, जे हाताशी असेल त्यावर वाफ करून देणे हे थरमॅक्सचे काम बनले. पुढे मद्यार्क कारखान्यांतून निघणारा स्पेंटवॉश जाळून वाफ काढणारे बॉयलरही त्यांनी बनवले. महाराष्ट्रातल्या ज्या गावांनी स्पेंटवॉशने काळवंडलेले ओढे पाहिले आहेत, त्यांना हे काम किती मोलाचे आहे ते वेगळे सांगायला नको.

याच काळात कंपनी शीतयंत्रांकडे वळली. उष्णतेवर चालणारे शीतयंत्र ही कल्पना प्रथम ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. हवेचा दाब अगदी कमी केला की पाणी चार-पाच अंशांनाच उकळते आणि उकळताना भोवतालची उष्णता ओढून घेते. म्हणजेच भोवताल थंड होतो. ही तयार झालेली वाफ लिथियम ब्रोमाइडचे तीव्र द्रावण शोषून घेते. मग त्या द्रावणाला कारखान्यातली उरलीसुरली उष्णता देऊन पाणी पुन्हा वेगळे काढायचे आणि चक्र चालू ठेवायचे. यात विजेवर चालणारा मोठा कॉम्प्रेसर लागत नाही. धुराड्यातून आकाशात जाणाऱ्या उष्णतेवर सूतगिरणीचा विभाग किंवा औषधांचे गोदाम गार ठेवता येते. विजेच्या भारनियमनाने गांजलेल्या देशात याचा अर्थ गिऱ्हाइकांना चटकन कळला. ‘ऊर्जा आणि पर्यावरण’ ही थरमॅक्सची ओळख अशा यंत्रांतून झाली.

आता अनु आगा. जन्म 1942, मुंबई. दोन भाऊ आणि ही एकटी मुलगी. वडिलांचे तिच्यावर प्रेम होते, पण व्यवसाय मुलांनी पाहायचा आणि मुलीने शिकून सवरून चांगल्या घरी जायचे, हे त्या काळच्या बहुतेक व्यापारी घरांसारखेच या घरातही गृहीत होते. हे त्यांनी स्वतः मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे. सेंट झेवियर्समधून अर्थशास्त्राची पदवी घेतल्यावर त्यांनी टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत वैद्यकीय आणि मानसोपचार क्षेत्रातल्या समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेतले. बॉयलरचा त्यात कुठे संबंध नाही. रुग्णाशेजारी बसून त्याचे ऐकणे, घर कोसळलेल्या माणसाला पुन्हा उभे राहायला हात देणे, असे ते शिक्षण. मला वाटते, थरमॅक्सच्या इतिहासात पुढे जे घडले त्याची तयारी नकळत इथेच झाली.

रोहिंटन यांच्याशी विवाह झाला, मेहेर आणि कुरुश ही मुले झाली, संसार पुण्यात स्थिरावला. ऐंशीच्या दशकात रोहिंटन यांना हृदयविकाराचा मोठा झटका आला, बायपास झाली आणि पाठोपाठ अर्धांगवायू. शब्द आणि आकडे यांवर हुकूमत असलेल्या माणसाला दोन्ही पुन्हा शिकावे लागले. ते जिद्दीने शिकले आणि कंपनीच्या प्रमुखपदी परतले. त्या आजारपणात घर अनु यांनी सांभाळले. 1985 मध्ये त्या कंपनीत आल्या त्या मनुष्यबळ विभागात, साध्या जबाबदारीवर. 1991 मध्ये त्या विभागाच्या प्रमुख झाल्या.

त्या काळी या पट्ट्यात हा विभाग सांभाळणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवे. 1989 मध्ये टेल्कोच्या पिंपरी कारखान्यातला संप राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली शनिवारवाड्यावरच्या उपोषणापर्यंत गेला होता. व्यवस्थापन आणि कामगार एकमेकांकडे संशयाने पाहत. बाईमाणूस तर कारखान्यात क्वचितच दिसे. 1974 च्या सुमारास टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले होते आणि सुधा कुलकर्णी या तरुण अभियंता मुलीने जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून त्याबद्दल जाब विचारला होता. त्यांना नोकरी मिळाली आणि पुढे सुधा मूर्ती म्हणून देश त्यांना ओळखू लागला. त्या घटनेला जेमतेम दहा-अकरा वर्षे झाली असताना अनु आगा कारखान्यात आल्या. त्या मालकांच्या पत्नी होत्या, त्यामुळे दार उघडे होते हे खरे. पण उघड्या दारातून आत आलेल्या माणसाला आपली जागा मिळवावी लागते ती कामानेच.

1995 मध्ये थरमॅक्सचे समभाग बाजारात आले. कुटुंबाकडे सुमारे 62 टक्के भाग राहिले, पण आता हजारो बाहेरचे भागधारकही कंपनीचे मालक होते. वर्षभरातच, फेब्रुवारी 1996 मध्ये, रोहिंटन आगा यांचे अकस्मात निधन झाले. अवघ्या दोन दिवसांत संचालक मंडळाने अनु यांना अध्यक्ष केले. ताळेबंद वाचण्याची सवय नाही, अभियांत्रिकीची पार्श्वभूमी नाही, आणि ज्याच्या जागी बसायचे तो नवरा कालपरवापर्यंत समोर होता. आपली निवड गुणांवर झाली की बहुसंख्य भाग कुटुंबाचे आहेत म्हणून, हा प्रश्न त्यांना छळत राहिला. त्या सुमारास त्यांनी दहा दिवसांचे विपश्यना शिबिर केले. आपण रोहिंटन नाही आणि तसे होण्याचा प्रयत्नही करायचा नाही, आपल्याला जे येते तेवढ्यावर सुरुवात करायची, हे त्यांनी तिथून परतल्यावर मनाशी पक्के केले.

सावरायला वेळ मिळाला नाही. 1997 मध्ये पंचविशीतला कुरुश मोटार अपघातात गेला. सासूबाईही याच काळात गेल्या. एका घरावर इतके आघात इतक्या थोड्या अवधीत झाल्यावर त्या घरातल्या बाईने कारखान्याचा निरोप घेतला असता तर कोणी एक शब्द बोलले नसते. त्या राहिल्या. मृत्यू आपल्या हातात नाही, त्याला कसे सामोरे जायचे ते मात्र आपल्या हातात आहे, या आशयाचे त्या अनेकदा बोलल्या आहेत. दुःखाचा बडेजाव त्यांनी कधी केला नाही आणि ते लपवलेही नाही.

कंपनीची तब्येत तोवर बिघडत चालली होती. उदारीकरणानंतर परदेशी स्पर्धा आली, नव्वदीच्या उत्तरार्धात देशातले भांडवली प्रकल्प मंदावले, आणि भरभराटीच्या दिवसांत थरमॅक्सने मूळ कामाशी नाते नसलेले बरेच उद्योग अंगावर घेतले होते. चारशे रुपयांचा समभाग छत्तीसवर आला. तेव्हा एका भागधारकाचे निनावी पत्र त्यांना आले. तुम्हाला पैशांची ददात नसेल, पण आमच्यासारख्यांना तुम्ही बुडवले, असा त्याचा रोख होता. निनावी पत्र टोपलीत टाकणे सोपे असते. अनु आगा यांनी ते मनाला लावून घेतले. ज्यांनी विश्वासाने पैसे गुंतवले त्या अनोळखी माणसांबद्दल आपली काही जबाबदारी आहे, हे त्या पत्राने त्यांच्यापुढे उभे केले.

मग त्यांनी बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप या सल्लागार संस्थेला बोलावले. बाहेरच्या लोकांनी येऊन आपला कारखाना तपासावा, हे वर्षानुवर्षे घाम गाळलेल्यांना रुचणारे नव्हते. तपासणीतून निघाले ते आणखी कडू होते. मूळ कामाशी न जुळणारे उद्योग विकावे किंवा बंद करावे लागले. काही जुनी माणसे गेली. 2000-01 या वर्षात कंपनीला तोटा दाखवावा लागला. मनुष्यबळ विभागातून आलेल्या अध्यक्षांच्या हातून माणसे कमी व्हावीत, यातले दुःख मी इथे झाकू इच्छित नाही. गेलेल्यांपैकी अनेकांची उमेद याच शेडमध्ये खर्ची पडली होती, आणि या संस्थेच्या इतिहासात त्यांचीही जागा आहे.

त्यापुढचा निर्णय मला सर्वांत मोठा वाटतो. संचालक मंडळाची रचनाच बदलण्यात आली. कार्यकारी संचालकांनी भरलेले मंडळ गेले आणि स्वतंत्र संचालकांचे वजन वाढले. कुटुंबातली माणसे, म्हणजे स्वतः अनु, मुलगी मेहेर आणि जावई फिरोज, दैनंदिन कारभारातून बाजूला झाली. मालकी कुटुंबाची, पण कारखाना चालवणार तो व्यावसायिक व्यवस्थापक. व्यवस्थापकीय संचालक म्हणून प्रकाश कुलकर्णी यांनी सूत्रे घेतली, आणि 2007 मध्ये त्यांच्या जागी एम. एस. उन्नीकृष्णन आले. आपल्याकडे घराण्याच्या उद्योगात खुर्ची आणि मालकी यांचा गुंता सुटता सुटत नाही. मुलगा कुवतीचा असो नसो, केबिन त्याचीच. कुवतीच्या मुलीलाही बाजूला बसवून, आधी मंडळ सक्षम करा मग तिचा विचार करा, असे म्हणायला आईचे काळीज वेगळेच हवे.

याच पट्ट्यातून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावर आणखी एका घराण्याचा उद्योग होता, त्याची इथे आठवण होते. चाकण, राजगुरुनगर, मंचर ओलांडले की नारायणगाव. तिथे चौगुले कुटुंबाने ऐंशीच्या दशकात फ्रेंच तज्ज्ञांच्या मदतीने शॅम्पेनच्या पद्धतीची फेसाळ वाइन बनवली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशात पाठवली. जुन्नर तालुक्यातल्या द्राक्षांची बाटली युरोपात जाते, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान होता. भारतीय वाइनचा पाया घालणाऱ्यांत हे कुटुंब होते, हे श्रेय कोणी हिरावून घेऊ शकत नाही. पुढे चौगुलेंच्या इंडेज या कंपनीने ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडमधल्या कंपन्या घेतल्या, 2008 ची जागतिक मंदी आली, कर्ज आवाक्याबाहेर गेले आणि प्रकरण उच्च न्यायालयात कंपनी गुंडाळण्यापर्यंत पोहोचले. वाइन आणि बॉयलर यांची बाजारपेठ निराळी, कर्जाचे गणितही निराळे, म्हणून दोघांना एका तराजूत घालणे न्यायाचे नाही. तरी संकट येण्याआधी घराबाहेरच्या माणसांना मंडळावर बसवून त्यांचे ऐकण्याची सवय असावी, ही गोष्ट या रस्त्यावरच्या प्रत्येक घरगुती उद्योगाने मनावर घ्यावी असे मला कळकळीने वाटते. द्राक्षबाग असो की फाउंड्री, घरातल्या घरात सगळे एकमेकांना होकार देत राहतात आणि वाईट बातमी शेवटी बँकेकडून कळते.

थरमॅक्स सावरली. मूळ कामावर लक्ष एकवटल्यावर दोन-तीन वर्षांतच कंपनी नफ्याच्या वाटेवर परतली आणि ऊर्जा प्रकल्पांच्या पुढच्या लाटेत वेगाने वाढली. साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मितीत, सिमेंट आणि पोलाद कारखान्यांच्या वाया जाणाऱ्या उष्णतेत, रसायन उद्योगाच्या सांडपाण्यात तिला काम मिळत गेले. अनु आगा या यशाचे श्रेय स्वतःकडे घेत नाहीत. पण कारखाना सावरतो तो योग्य माणसांना मोकळीक आणि पाठबळ मिळाल्यावर, आणि ते देणारी व्यक्ती अध्यक्षांच्या खुर्चीत होती.

2004 मध्ये, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, कंपनी पुन्हा उभी राहिलेली असताना त्या अध्यक्षपदावरून पायउतार झाल्या. मेहेर पदमजी अध्यक्ष झाल्या. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधून रसायन अभियांत्रिकी शिकलेल्या मेहेर 1990 मध्ये कंपनीत प्रशिक्षणार्थी म्हणून आल्या होत्या आणि काही वर्षे इंग्लंडमधला कारभारही त्यांनी पाहिला होता. त्यांनी अध्यक्षपद घेतले, व्यवस्थापकीय संचालकपद घेतले नाही. आईने घालून दिलेली रेघ त्यांनी पाळली. भथेना यांच्या घरात मुलीसाठी नसलेली वाट नातीला अशी आयती मिळाली नाही, तीही शॉपफ्लोअरवरून चालत आली.

अध्यक्ष असतानाच अनु आगा कारखान्याच्या भिंतीबाहेर बोलू लागल्या होत्या. 2002 मध्ये गुजरातेत दंगली झाल्या तेव्हा उद्योगजगतातले बहुतेक जण गप्प होते. त्या मदत छावण्यांत जाऊन आल्या आणि उद्योजकांच्या सभेत उभ्या राहून पाहिले ते त्यांनी सांगितले. मोठ्या कंपनीच्या प्रमुखाला असे बोलणे महागात पडू शकते, हे ठाऊक असूनही त्या बोलल्या. त्यांच्या धैर्याबद्दल मला जितका आदर आहे तितकाच, त्या आधी जाऊन पाहून आल्या आणि मग बोलल्या, याबद्दलही आहे.

निवृत्तीनंतर त्यांचा बहुतेक वेळ शिक्षणाला गेला. आपण समाजाला किती थोडे देतो, हा प्रश्न कुरुशने घरात विचारला होता, आणि तो गेल्यावर आईला तो विसरता आला नाही. शाहीन मिस्त्री यांनी सुरू केलेल्या ‘आकांक्षा’ संस्थेशी त्या जोडल्या गेल्या, पुढे ‘टीच फॉर इंडिया’शीही. कंपनीने 2007 मध्ये स्वतंत्र सामाजिक संस्था काढली, आणि ‘आकांक्षा’च्या साथीने महापालिकेच्या इमारतीत इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवण्याचे काम हाती घेतले. देणगी देऊन मोकळे होण्यापेक्षा महापालिकेशी करार करायचा, शिक्षक निवडायचे, मुले टिकतात का ते पाहायचे, हे काम किचकट असते. इमारत एकाची, शिक्षक दुसऱ्याचे, निर्णय तिसऱ्याचा. कारखान्यात माणसे सांभाळलेल्या व्यक्तीला हा गुंता नवा नव्हता.

2010 मध्ये सामाजिक कार्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. 2012 मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली, त्या वेळी सचिन तेंडुलकर आणि रेखा हेही नियुक्त सदस्य झाले. 2018 पर्यंत त्या सदस्य होत्या.

दरम्यान 2016 मध्ये भथेना यांच्या त्या छोट्या बॉयलर कंपनीला पन्नास वर्षे झाली. आता कारखाने गुजरातेत सावलीला आहेत, साताऱ्याच्या वाटेवर शिरवळला आहेत, आंध्रात श्रीसिटीला आहेत. चिंचवडच्या शेडमध्ये ज्यांनी वॅन्सनच्या पहिल्या कॉइल वळवल्या, दाबाच्या चाचणीला रात्रपाळीत उभे राहिले, 2001 च्या त्या वर्षात घरी बसले किंवा टिकून राहिले, त्यांपैकी पुष्कळ जण अजून याच शहरात राहतात. अध्यक्षांच्या मुलाखती छापून झाल्या आहेत. या कामगारांच्या आठवणी कोणी टिपलेल्या माझ्या पाहण्यात नाहीत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी थरमॅक्समधून निवृत्त झालेले आजोबा, वडील किंवा आई असतील, त्यांनी शेजारी बसून त्या लिहून घ्याव्यात, नाव, खाते, पाळी आणि सालासकट.